सासूबाईंचा कान

सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांच्या मुलांना पियानो शिकवला. आता संधिवातानं त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती आणि पाय उचलत नव्हते. कान मात्र शाबूत होता, आणि जीभ कानाहून शाबूत. सून घरी शिवणकाम करायची, म्हणून तिचं नाव त्यांनी ‘टाकेवाली’ ठेवलं होतं. शेजारीपाजारीही तिला त्याच नावानं ओळखत.

पियानो आणला तो टाकेवालीनंच. एक नाचाची शाळा बंद पडली होती. तिथल्या बाईंना तिनं आपलं जादाचं शिवणयंत्र दिलं आणि बदल्यात हे धूड घरी आणलं. नवऱ्यानं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, ह्यात उंदरांनी संसार थाटलाय!”

“काढू बाहेर,” ती म्हणाली. “आईंना बरं वाटेल.”

पुढे अकरा महिने दुपारची शिवण आटोपली की ती जमिनीवर चादर पसरून बसायची. तारांवर आपटणाऱ्या अठ्ठ्याऐंशी लाकडी हातोड्या तिनं एकेक सोडवल्या, कसरीनं खाल्लेली लोकर खरवडून काढली, नवी जाड लोकर कापून चिकटवली. अडकणाऱ्या पट्ट्या घासून मोकळ्या केल्या, गंजक्या तारा बदलल्या. एक तार सुटून सपकन गालावर बसली, तेव्हा सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “रक्त पट्ट्यांवर सांडू नकोस.”

मग सूर लावायची वेळ आली. खुंट्या पिळायची किल्ली टाकेवालीच्या हातात, कान सासूबाईंचा.

“वर घे. अजून. बहिरी आहेस का? आता फार झालं! तुझ्या आईनं तुला जन्माला घालताना कान दिलेच नाहीत वाटतं.”

टाकेवाली किल्ली पिळत राहिली. शिव्या खाता खाता तिचा कान तयार होत गेला. एक दिवस सासूबाई काही बोलायच्या आतच तिनं किल्ली थांबवली. सूर बरोबर बसला होता. सासूबाई नुसतं म्हणाल्या, “हं.” त्या एका हुंकारावर टाकेवाली आठवडाभर हवेत होती.

पियानो पुरा झाला, तेव्हा नणंद आली. तिला घरात सगळे राणी म्हणत. तिनं वाजवलं आणि सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऐकायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, “दुरुस्त कोणी केला हो?”

“मी सूर लावला,” सासूबाई म्हणाल्या. “हिनं झाडपूस केली.”

सगळे हसले. मग त्या लेकीकडे वळल्या. “राणी, हा तू घेऊन जा. इथं कोण वाजवणार? टाकेवाली?”

टाकेवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो नखं बघत होता. “आईची इच्छा आहे,” तो पुटपुटला. “कशाला उगाच वाद?”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तरी रात्रभर विचार करून तिनं दुसऱ्या दिवशी सासूबाईंना विचारलं, “न्यायच्या आधी मला एखादी साधी चाल शिकवाल?”

“सुईनं झिजलेली बोटं ती,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना कशाला फुकट आशा लावायची?”

दोन दिवसांनी दुपारी पियानो न्यायला हमाल येणार होते. त्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिनं सासूबाईंना आंघोळ घातली, केस विंचरले आणि त्यांची खुर्ची ओढत थेट पियानोला टेकवली. मग किल्ली घेतली.

“एवढा कान आहे ना तुमचा,” ती म्हणाली. “ऐका आता.”

तिनं पट्टी दाबली आणि सूर घुमत असतानाच खुंटी जुन्या लाकडात ढिली होईपर्यंत उलटी पिळली. सूर घरंगळत खाली गेला. सासूबाई ओरडल्या, “हे काय करतेस, नालायक!” तिनं दुसरी तार घेतली. विसाव्या तारेपर्यंत शिव्या चालल्या. चाळिसाव्या तारेला सासूबाई म्हणाल्या, “बाळा, पुरे गं.” ह्या घरात इतक्या वर्षांत तिला कोणी बाळा म्हटलं नव्हतं. ती थांबली नाही. सासूबाईंनी हात कानांवर नेले, पण वाकडी बोटं मिटेनात. फटींमधून प्रत्येक सूर आत जात राहिला. एक पुरता विझेपर्यंत टाकेवाली दुसऱ्याला हात लावत नव्हती. दोनशेच्या वर तारा होत्या. मनात कुठे दया येतेय का, हे तिनं मधेच चाचपून पाहिलं. नव्हती. उलट तिला बरं वाटत होतं, आणि त्याचीच तिला जराशी भीती वाटली.

हमाल आले, पियानो घेऊन गेले.

सासूबाईंनी मुलाला काही सांगितलं नाही. मुलगा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मधला अख्खा दिवस सुनेचा होता.

चार दिवसांनी, जेवणाच्या वेळी, राणीचा फोन आला. “वहिनी, हा तर नुसता रडतोय! कारागीर म्हणतो, खुंट्या आता धरतच नाहीत, ह्याला लाकडाच्या भावात द्या. असं झालं तरी काय?”

“आईंनाच विचारा,” टाकेवाली म्हणाली आणि फोन सासूबाईंच्या तोंडापाशी धरला. दुसऱ्या हातात त्यांचं ताट होतं.

सासूबाईंनी फोनकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

“गाडीत हलला असेल,” त्या म्हणाल्या.

तिनं फोन ठेवला आणि त्यांना पहिला घास भरवला.

संध्याकाळी नवरा हळू आवाजात म्हणाला, “आई फार गप्प झाली गं. पियानो गेल्याचं लागलं असेल का?”

“लागलं असेल,” ती म्हणाली आणि त्याचं पान वाढायला उठली.