खेमाचं वय

पुसेगावच्या हटकर धनगरांच्या सात पिढ्या मसाजीला तोंडपाठ होत्या. कोण कुणाचा, कोणत्या साली जन्मला, कुठल्या रानात मेला, सगळं. कुठं लिहिलेलं काहीच नव्हतं. सोयरीक असो की वाटणीचा तंटा, मसाजी सांगेल ते भावकी खरं धरायची.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात भरतीचा जमादार गावात आला. तिकडं मोठी लढाई पेटली होती. चावडीपुढं बसलेल्या भावकीला तो म्हणाला, "वीस वर्षं भरलेल्या धडधाकट गड्यांची मोजणी हाय. असा गडी असलेल्या दर घरातून एक जण फौजेत." मग मसाजीकडं वळला. "तुमी बापाच्या नावासकट सांगा. तुमी सांगाल ते आमी लिहू."

मसाजी घरामागून घर सांगत गेला. नवव्या घराशी जीभ अडली. ते त्याचं स्वतःचं घर. एकुलता एक नामाजी, तापाच्या साथीच्या पुढच्या साली झालेला, तेवीस वर्षांचा. लहानपणच्या दुखण्यानं खुरटलेला. दहावं घर मेलेल्या धाकट्या भावाचं, सटवाजीचं. तिथं विधवा रूपाबाई आणि तिचा खेमा. खेमा सतराचा, पण अंगानं थोराड, मिसरूड फुटलेला. त्याला सतराचा म्हटलं तर जमादाराला संशय येणार आणि मग तो नामाजीचंही वय तपासणार.

"नामाजी वल्द मसाजी," तो म्हणाला. "वय सतरा." मग त्यानं पुढचं नाव घेतलं. "खेमा वल्द सटवाजी. वय तेवीस."

दोघातिघांनी माना वर केल्या. पण पुढची घरं अजून सांगायची होती आणि ज्याचं त्याचं पोरगं मसाजीच्या जिभेवर होतं. माना पुन्हा खाली गेल्या.

"बराबर हाय?" जमादारानं खेमालाच विचारलं.

खेमानं थोरल्या चुलत्याकडं पाहिलं. "आबा म्हनतात तर बराबरच असंल."

रूपाबाई मेंढरांमागं रानात होती. ती परतली तोवर पोरांची गाडी हिंगोलीच्या वाटेला लागली होती. "पोरगं खुशीनं गेलं," मसाजीनं तिला सांगितलं.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात कागद आला. मास्तरांनी तो चावडीच्या ओट्यावर वाचून दाखवला. खेमा वल्द सटवाजी, वय पंचवीस, ब्रह्मदेशात कामी आला.

"वय किती म्हनले?" रूपाबाईनं विचारलं.

"पंचवीस."

"मग ह्यो माझा न्हाई, मास्तर. माझा एकोनिसाचा हाय." तिचा चेहरा उजळला. "दुसऱ्या कुन्या माउलीचा कागद हितं आला असंल. तिला धाडा."

मास्तरांनी बापाचं नाव, गावाचं नाव पुन्हा वाचलं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं सारं उतरलं.

"वय कोनी सांगितलं?"

सगळे मसाजीकडं बघू लागले. इतकी वर्षं थोरल्या दिरासमोर तिचा पदर कधी ढळला नव्हता. आज तो तिनं मागं सारला आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"काहून, भावजी?"

"भ्यालो, रूपाबाई. मला एकच पोरगं व्हतं."

"अन् मला किती व्हती?"

तेराव्या दिवशी भावकीसमोर मसाजीनं नामाजीचा हात धरून त्याला तिच्यापुढं उभं केलं. "ह्याला दत्तक घ्या. सटवाजीचं नाव चालवील."

नामाजी खाली बघत होता. नकार त्यानं दिला नाही.

"ह्याचं वय माझ्या लेकराला देलं," रूपाबाई म्हणाली. "आता त्याच्या बापाचं नाव ह्याला देता? नगं. बुडलं तर बुडू द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं मेंढरं दिराच्या वाड्यात कोंडली आणि वारंग्याकडच्या भावाच्या गावी निघाली. नामाजी तिचं गाठोडं घेऊन ओढ्यापर्यंत मागं चालला. ओढ्याशी तिनं ते आपल्या डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरली. नामाजी पल्याड गेला नाही. घरीही परत आला नाही. मसाजी संध्याकाळी ओढ्यावर गेला तेव्हा तो तिथंच बसला होता.

"चल, नामा."

"तुमी चला," नामाजी म्हणाला. "मला आता घर न्हाई."