हंबीररावांचा ब्रेक

हंबीररावांच्या लाकडाच्या वखारीत बटण बंद केलं तरी गोल करवत बराच वेळ फिरत राहायची. तेवढा धीर त्यांना नव्हता. पात्याला फळी दाबून धरायला लावायचे आणि त्याला ऐटीत 'ब्रेक' म्हणायचे. एकदा ती फळी उडून करवत चालवणाऱ्या कृष्णातच्या गालावर बसली, तेव्हा कुठं मला बोलावणं आलं. मी शबनम, विजेच्या मोटारी चालू-बंद करणारी पॅनेलं बनवते.

"बाई, तुमास्नी जमंल न्हवं?" हंबीररावांनी विचारलं.

या माणसाला उत्तर देणं म्हणजे श्वास फुकट घालवणं. मी पॅनेल बसवलं. बटण बंद केलं की मोटारीची नेहमीची वीज आधी पूर्ण तुटायची, मग क्षणभरानं तिच्या वेटोळ्यांत डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह, सोडला जायचा आणि पातं पटकन थांबायचं. लगेच टायमर डीसीही तोडायचा, नाहीतर उभी मोटार तापून जळते.

"हा डीसी थांबलेलं पातं धरून ठेवत नाही," मी बजावलं. "पातं बदलताना मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं."

हंबीरराव मिशीला पीळ देत फोनवर बोलत होते.

महिन्याभरात त्यांचा फोन. "तुमच्या डबड्यानं मोटार जाळली की!"

वखारीत जळक्या वार्निशचा वास होता. गिऱ्हाइकांसमोर त्यांचं ओरडणं चालू होतं. मी पॅनेल उघडलं. टायमरला बगल देऊन एक वायर जोडलेली.

"ही कुणी लावली?"

"म्याच. पातं बदलताना डीसीनं घट्ट धरून ऱ्हावं म्हणून. त्याला काय डोस्कं लागतंय?"

"नाही लागलेलं. दिसतंय ते."

गिऱ्हाइकं हसली. कृष्णात मात्र हसला नाही. त्यानं फाटका हातमोजा पुढं केला. "नटाला पाना लावून जोर दिला आन् पातं फिरलं, ताई. बोटं वाचली एवढंच."

माझं डोकं फिरलं. "पॅनेलची आणि मेन स्विचची किल्ली कृष्णातकडं राहील. तरच दुसरी मोटार जोडते."

"मालक मी हाय!"

"मग तुम्हीच जोडा."

"आन् करवतीवर बी तुमीच हुबं ऱ्हावा," कृष्णात म्हणाला आणि दाराकडं वळला.

हंबीररावांनी गिऱ्हाइकांकडं पाहिलं, कापायच्या ओंडक्यांकडं पाहिलं. मग दोन्ही किल्ल्या भुश्शात भिरकावल्या. हातात द्यायचंही सौजन्य नव्हतं त्या माणसात.

कृष्णातनं वाकून त्या उचलल्या, फुंकर मारून खिशात घातल्या. मी जळक्या मोटारीचे बोल्ट सोडायला बसले.