पावणेतीन आणि मी, कोटाची गुंडी

मी गुंडी बोलतेय. कोटाची गुंडी, काळी, जाडजूड, चार भोकांची. पण हल्ली कोट सांभाळत नाही, आकडे सांभाळते. जीव माझा एवढासा, पण फळ्यावर एक घर उजवीकडे सरकले की नवाचे नव्वद होतात, आणि डावीकडे सरकले की त्याच नवाची अशी हवा जाते की धड एकसुद्धा उरत नाही.

जन्म माझा साच्यातला. ताटभर बहिणी, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. माझ्या नशिबी एक थोर पोट आलं. गणिताच्या बाईंचे सासरे जेवायला बसले की मी जीव मुठीत धरायची. दोरा ताणून ताणून केसाएवढा झालेला. शेवटी त्यांना एकदा दणदणीत ढेकर आला आणि मी सुटले ती थेट बाईंच्या पाण्याच्या पेल्यात.

"सूनबाई, जपून ठेव हो ती. मी बारीक होणार आहे."

"ठेवते, मामंजी. तोवर माझ्या कामाला येईल."

ते काही बारीक झाले नाहीत. बाईंनी माझ्या पाठीला लोहचुंबक चिकटवलं आणि वर्गातल्या लोखंडी फळ्यावर नेऊन बसवलं. अशी मी दशांशचिन्ह झाले.

काय सांगू त्या फळ्यावरची मजा. पाव म्हणजे ०.२५, त्याचे टक्के करायचे तर मला दोन घरं उजवीकडे पळवायचं: पंचवीस टक्के. मुलं मला अशी सर्रकन नेत की घेरी यायची, आणि ती घेरी मला भारी आवडायची. माणसांची तऱ्हा मात्र पाहा. आकडे कसे कोरून काढतील, आणि टिंब वाटेल तिथे टेकवून मोकळे.

त्याच वर्गात दोन जुळ्या होत्या. एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी पिणार, अशी गत. थोरलीचं गणित चोख. धाकटी अपूर्णांक दिसला की वही मिटून टाकणार. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, बजावलं होतं: तोंडी परीक्षेत धाकटीला अपूर्णांक जमले नाहीत तर ती याच वर्गात राहील, थोरली एकटी वर जाईल. तेव्हापासून दोघींचे डबे अर्धे भरलेलेच घरी जात.

एके दिवशी बाई धाकटीला म्हणाल्या, "पावणेतीन. लिही बघू."

तिनं ३ काढला आणि मला चिमटीत धरून उभी राहिली.

"टिंब कुठे गेलं?"

"ते कशाला? तीन पावणे म्हणजे अख्खे तीन की."

वर्ग जो हसला, तो फळा हादरेपर्यंत.

"बाई, हिनं घरीपण हेच केलं," थोरली म्हणाली. "आई म्हणाली, काका पावणेतीनला येणार. हिनं तीन ताटं मांडली. काका एकटेच. बिचारे बघत बसले, कुठल्या ताटावर बसू."

"तिन्ही ताटांतलं खाल्लं त्यांनी, ते पण सांग ना."

बाईंच्या हातातला खडू पडला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बरं, तीन पावणेच म्हण. पण तिसरा दारात अडकलाय." आणि खरंच तीन मुलींना बाहेर पाठवून दारातून आत बोलावलं. दोघी पुरत्या आत आल्या. तिसरी थोरली, तिच्यावर दार असं लोटलं की पाव अंग बाहेर.

"आत किती?"

"दोन अख्ख्या," धाकटी म्हणाली, "आणि पाऊण ताई."

"मग लिही."

२.७५. माझी जागा तिनं स्वतः शोधली. फुगडी घातल्यावर फिरतं तसं डोकं फिरलं माझं.

"आणि ताई किती टक्के आत?"

"पंचाहत्तर. पंचवीस टक्के बाहेर वारा खातेय."

"लवकर सोडवा," दारातून आवाज आला.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई फळ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. थोरली बाहेर व्हरांड्यात. सगळं ठीक चाललं होतं, आणि त्यांनी विचारलं, "पाऊण टक्का. दशांशात."

धाकटीनं ७५ लिहिले, अलीकडे शून्य काढलं, मधे मला ठेवलं. ०.७५. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. अगं, हलव मला, मी मनात ओरडतेय. पण गुंडीला भोकं चार असली तरी तोंड एकही नाही.

"हा पाऊण झाला," ती पुटपुटली. "मला पाऊण टक्का पाहिजे. शंभर पावण्यांना बोलावलं. आला एकच. तोही दारात अडकलाय."

तिनं मला उचललं, दोन घरं डावीकडे नेलं, मधल्या मोकळ्या घरात एक शून्य भरलं आणि माझ्या अलीकडे आणखी एक मांडलं. ०.००७५.

मोठ्या बाईंना हसू आवरेना. "कोण अडकलाय म्हणालीस?" पण पेनाची खूण बरोबरची झाली. मग दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "ए थोरली, दाराला लावलेला कान काढ. वरच्या वर्गात बाकावर हिच्यासाठी जागा धर."

आता मी म्हातारी झालेय. कडा झिजल्या, चुंबकाचा जोर ओसरला. दोघींचा नवा वर्ग बरोबर आमच्या डोक्यावर आहे. मधल्या सुट्टीत त्या अशा काही उड्या मारतात की छत थरथरतं, फळा थरथरतो, आणि मी एक घर घसरते. खाली बाईंचं उत्तर दहापट चुकतं.

तेव्हा बाळांनो, गणित चुकलं तर घाबरू नका. आधी मी कुठे आहे ते बघा, आणि मला उचलून जागेवर ठेवा. त्या दोघींना मात्र कुणी गप्प करू नका.