सातव्या पिंजऱ्याचं पाणी

मावशींचं काम कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, बाटल्या भरायच्या आणि मेलेले उचलायचे. मेलेले रोजच निघत, कारण संशोधन करणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या मेंदूत विषाणू सोडला होता. शेवटी जगले ते फक्त सातव्या पिंजऱ्यातले सहा.

बाईंना नुसता हर्षवायू व्हायचा बाकी होता. "डोपामिन हो मावशी! मेंदूतलं हे रसायन वाढलं की तिथल्या राखणदार पेशी खडबडून जाग्या होतात नि विषाणूचा फडशा पाडतात. सातव्याला ते वाढवणाऱ्या औषधाचा सगळ्यात मोठा डोस होता. उद्या तोच तुमच्या भावाला देऊ."

मावशींचा धाकटा भाऊ त्याच मेंदूज्वरानं नऊ दिवस बेशुद्ध होता. पण मावशींना खरं काय ते ठाऊक होतं. सातव्याच्या औषधाची बरणी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून फुटली होती. बोलणी खायला नकोत म्हणून तीन आठवडे त्यांनी साधं नळाचं पाणी भरलं होतं! मग अपराधी वाटून त्या रोज एकेकाच्या कपाळावरून बोट फिरवायच्या. "ऊठ रे मेल्या, खाऊन घे."

हल्ली त्या दार उघडायच्या आधीच सहाही जण मागच्या पायांवर उभे असायचे, माना डावीकडे कलवून. बघून अंगावर काटा यायचा.

नोकरी गेली चुलीत! "बाई, त्यांनी औषधाचा थेंबसुद्धा चाखलेला नाही," मावशींनी सांगून टाकलं.

बाईंनी झटकन नोंदवही उघडली. "अहो, म्हणजे औषध प्यायलेले सगळे मेले! एवढ्या डोसानं उद्या त्याचा जीव गेला असता! मग हे जगले कशानं?"

"मी बोलायचे त्यांच्याशी. बोट फिरवायचे."

बाईंनी वाकून सातव्या पिंजऱ्यात बघितलं. मग त्यांनीच मावशींना वॉर्डात नेलं.

भाऊ ओंडक्यासारखा पडला होता. मावशींनी त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. "ऊठ रे मेल्या, खाऊन घे," म्हणताना त्यांना रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी दार ढकललं, तर नर्स भिंतीला चिकटून उभी. "तुम्ही जिन्यात होतात ना, तेव्हाच उठून बसला हो!"

भाऊ पलंगावर बसला होता. मान डावीकडे कललेली, दोन्ही मुठी हनुवटीखाली.

जगला होता! मावशींनी त्याला नावानं हाक मारली. त्यानं तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. तो बोटाची वाट बघत होता.