पणजीला गेलेली छागल

मी एक जुनी छागल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. जाड कॅनव्हासची शिवलेली पिशवी, वर एका कोपऱ्यात तोंड, तोंडाला लाकडी बूच आणि टांगायला दोरी, एवढाच माझा देह. रूप म्हणाल तर बेताचेच. पण वऱ्हाडच्या मे महिन्यात ज्याने माझे पाणी प्यायले, त्याने माझ्या रूपाबद्दल कधी तक्रार केली नाही.

अमरावतीच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. नवी होते तेव्हा मी सगळीकडून गळत होते. कारागीर म्हणाला, "रातभर पान्यात बुडवून ठेव. सूत फुगलं का गयनं कमी होते." देवमन नावाच्या तरुणाने मला घरी नेले आणि बादलीत बुडवले. तो नुकताच एसटीत ड्रायव्हर झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या गाडीच्या आरशाजवळ टांगली गेले.

माझे काम समजायला सोपे आहे. पाणी माझ्या अंगातून हळूहळू पाझरते आणि मी बाहेरून ओली राहते. गरम, कोरडा वारा तो ओलावा उडवून नेतो आणि जाताना आतली उष्णताही घेऊन जातो. ऊन जितके तापेल तितके माझे पाणी गार. शेंदूरजनाघाटच्या फेरीला गाडी थांबली की संत्र्यांचे व्यापारी, लेकुरवाळ्या बाया, कॉलेजची मुले, सगळे माझ्याभोवती जमत. देवमनने कधी कुणाला नाही म्हटले नाही. "बर्फ टाकला काय हो ड्रायव्हर साहेब?" असे कुणी विचारले की तो मिशीतल्या मिशीत हसे. मलाही तेव्हा फार बरे वाटे.

मग बाटलीबंद पाणी आले. घरी फ्रीज आला. शेवटी देवमन निवृत्त झाला आणि आम्ही दोघे एकदमच घरी बसलो. मी मागच्या दाराच्या खुंटीवर आणि तो समोरच्या खुर्चीवर. सकाळी डेपोला जायच्या वेळी तो अजूनही उठून बसे, आणि मग जायचे कुठेच नाही हे आठवून पुन्हा आडवा होई. मला ते बघवत नसे.

त्याची मुलगी पायल अकोल्याच्या एका शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुटीत तिने आईबाबांना समुद्र दाखवायचे ठरवले, आणि पणजीही. निघायच्या दिवशी देवमनने मला खुंटीवरून काढले आणि भिजत घातले.

"बाबा, हे काहून? बाटल्या घेतल्या ना म्या!"

"असू दे. बाटलीतलं पानी तापते. मंग म्हनसान."

दुर्गाबाई, म्हणजे पायलची आई, हसून म्हणाली, "घेऊ दे वं. त्याहिले तिच्याबिगर करमत नाही."

बडनेऱ्याहून गाडी सुटली. खिडकीबाहेर टांगलेली मी पुन्हा पूर्वीसारखी गार झाले. डब्यातल्या लोकांनी माझे पाणी मागून घेतले आणि देवमन मिशीतल्या मिशीत हसला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, आमचे दिवस परत आले.

पणजीचा जुना भाग आम्ही पायी पाहणार होतो. सोबत गाईड नव्हता. पायलच्या मोबाईलमध्ये नकाशा होता. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, समोरच्या घरात काय पाहायचे, हे सगळे मोबाईलच बोलून सांगे. जन्मभर दुसऱ्यांना वाटेला लावणारा देवमन मोबाईलच्या मागे मुकाट चालत होता. मी त्याच्या खांद्यावर होते.

काय ती घरे! एक लाल, शेजारचे पिवळे, पलीकडचे निळे, आणि सगळ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. वर उतरती कौले. एका कौलावर चिनी मातीचा कोंबडा ऐटीत उभा. "पोयाच्या बैलाची शिंगं रंगवतेत तसं वाटते," दुर्गाबाई म्हणाली. देवमन गल्लीची रुंदी न्याहाळत होता. "इथं गाडी घातली तं आरसे काढूनच घ्या लागतीन," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. पाऊस सरला की घरांना नवा रंग द्यायची इथे जुनी रीत आहे, असे मोबाईलने सांगितले. मला त्या घरांचा थोडा हेवा वाटला.

ऊन चढले. देवमन म्हणाला, "आता पाह्य माह्या छागलीचं पानी."

पायलने घोट घेतला आणि तिचे तोंड वाकडे झाले. "बाबा, हे तं कोमट हाये."

देवमनने स्वतः पिऊन पाहिले. मग बूच लावून मला पुन्हा खांद्यावर घेतले. मी अंग ओले करत होते, पाझरत होते, होते नव्हते ते सगळे करत होते. पण पाणी गार होत नव्हते. नुसतीच टपटप गळत होते. देवमनची पाठ भिजली होती.

एका पिवळ्या घराच्या व्हरांड्यात आम्ही टेकलो. घरातल्या आजीबाईंनी "बसा, बसा" म्हटले होते. तांबडी, आरशासारखी घासलेली फरशी. आणि तिच्यावर माझ्या पाण्याचे थारोळे झाले. पायल ओशाळली. ओढणीनेच पुसू लागली. "बाबा, फेका ना थे आता!" ती कुजबुजली.

देवमनने मला हातात धरून एकदा उलटसुलट पाहिले. "इचं वय झालं," तो म्हणाला. "माहं बी."

त्याने उरलेले पाणी कुंडीत ओतले. मला व्हरांड्याच्या कठड्याला अडकवले आणि मागे न पाहता गल्लीत उतरला. पायल मोबाईल बघत पुढे गेली होती. दुर्गाबाई तिच्यासोबत होती. कुणालाच कळले नाही.

त्या कठड्यावर मला जे वाटले ते कसे सांगू? फेकले याचे दुःख नव्हते. जुन्या वस्तू जातातच. पण तो मला टाकताना स्वतःलाही निकामी ठरवून गेला होता, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

पुढच्या घरापाशी मोबाईल बोलू लागला. आवाज माझ्यापर्यंत येत होता. खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवले आहेत, छत उंच आहे, छताखाली झरोके आहेत. इथली हवा समुद्रामुळे दमट असते, ओले लवकर वाळत नाही, म्हणून घरात वारा सतत खेळता ठेवावा लागतो.

पायल एकदम थांबली. "बाबा, तुमचा सदरा काल धुतला होता ना? वाळला काय?"

"कुठचा वाळते? ओलाच घातला सकाळी."

"मंग! आपल्याकडं सदरा घडीभरात वाळते. इथं रातभरात नाही वाळला, तं छागलीनं पानी कसं थंडं करावं?" ती इकडेतिकडे पाहू लागली. "छागल कुठं हाये?"

देवमनची नजर मागे पिवळ्या घराकडे गेली.

"बाबा! कुठं ठेवली?"

मग ती जी पळत आली! तोवर आजीबाईंनी मला कठड्यावरून काढून वाऱ्याच्या झरोक्याखाली टांगले होते. "ओली ठेवलीस तर बुरशी येईल गो हिला," त्या म्हणाल्या. पायलने मला छातीशी धरले. तिचा कुडता भिजला, पण या वेळी तिने काही म्हटले नाही. देवमन मागून आला होता. त्याच्या हातात मला देत ती म्हणाली, "इचं काई बिघडलं नाही बाबा. हवा दुसरी हाये. आन् तुमचं बी काई बिघडलं नाही."

देवमनने बूच घट्ट बसवले. बराच वेळ तो बूचच दाबत होता.

परतीच्या दिवशी बडनेऱ्याला उतरलो तेव्हा अंगाची लाही लाही होत होती. देवमनने मला नळावर भरले आणि ऑटोच्या बाहेरच्या दांडीला टांगले. वाटेवर झळा अंगावर आल्या. आहाहा, माझी हवा! घरी पोहोचल्यावर पायलने बूच काढून घटाघटा पाणी प्यायले आणि गालाला हात लावला. "बाबा, दात ठणकले!"

आता सुटी संपेपर्यंत ती दर रविवारी अकोल्याहून अमरावतीला येते. आपल्या गावाचा परकोट, म्हणजे गावाभोवतीचा जुना तट, पायी पाहायची टूम तिनेच काढली. अंबा गेट, जवाहर गेट, मधल्या गल्ल्या. इथे मोबाईल खिशात असतो आणि देवमन पुढे असतो. डेपोला जायच्या वेळीच तो तयार होऊन बसतो.

मित्रांनो, मला वापरले नाही तर माझे सूत सुकते आणि चिरा पडतात. ओली कोंडून ठेवली तर मी कुजते. तेव्हा घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा तिच्या हवेत नेऊन पाहा. माणसालाही.

उद्या रविवार आहे. देवमनने मला आत्ताच बादलीत बुडवले आहे.