ही चंद्रा कोण लागून गेली?

मी ढाणकी गावची एक वयस्क म्हैस आहे. सहा वेतं झाली माझी, पण शिंगांचा बाक अजून बघण्यासारखा आहे. मित्रांनो, माझी तारीफ मीच करते, कारण या घरात ती वेळेवर कोणी करत नाही.

मी लहान वगार होते तेव्हा सत्यशीलाबाईंनी मला विकत घेतलं आणि शेजारच्या सुग्राबीकडे बटईनं दिलं. म्हणजे जनावर एकीचं, मेहनत दुसरीची, आणि पुढे दोघींचा हक्क अर्धा-अर्धा. सकाळचं दूध सत्यशीलाबाईंच्या घरी जातं, संध्याकाळचं सुग्राबीचं. कापसाचा भाव पडला त्या सालांत घरोघरी कापूस नुसता पडून होता. तेव्हा ही दोन घरं माझ्या थानांवर उभी राहिली. यात घमेंड नाही. थोडी आहे.

सुग्राबी मला मोती म्हणते. तिच्या हाताशिवाय मी पान्हा सोडत नाही. तिची नात जेबा उमरखेडला कॉम्प्युटर शिकायची. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून गोठ्याच्या ओट्यावर बसून ती प्रोग्राम वहीत लिहायची आणि मोठ्यानं वाचायची. एक दिवस ऐकते तर काय, "चंद्राले ढेप पाच किलो."

माझा रवंथ थांबला. मला सरकीची ढेप टोपलंभर, आणि पाच किलो चंद्राला? ही चंद्रा कोण लागून गेली? दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे सत्यशीलाबाई कोणाला तरी सांगत होत्या, "आमच्या चंद्रासारखं दूध गावात नाही." मग माझी खात्रीच झाली. आणली असणार कुठून तरी एखादी तरणीताठी. आजवर या बाईंनी दूध नेलं, पण माझ्या कपाळावर कधी हात ठेवला नाही. आणि तिचं मात्र एवढं कौतुक.

मी पान्हा चोरला. पहिल्या दिवशी अर्धी बादली दिली, चौथ्या दिवशी बुडाशी चार धारा. सुग्राबीनं पाठ थोपटली, थानांना तेल लावलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

पाचव्या दिवशी दोघी गोठ्यातच भांडल्या.

"आटली आता हे," सुग्राबी म्हणाली. "उद्या बाजारात धाडतो."

"आटली काहून? तूच ढेप कमी टाकत अशीन."

"माझी ढेप मोजाले आली काय तू? विकतोच मी मोतीले."

"वीक ना बाई. तुही मोती खुशाल वीक. माह्या चंद्राले हात नाही लावायचा."

"नाही लावत. ठेव तुही चंद्रा."

ओट्यावर जेबा डोकं धरून बसली होती. तिचा प्रोग्रामही अडला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चंद्राला खाऊ घातलं की मोतीचंही वजन वाढायचं, आणि का, ते तिला उमगत नव्हतं. हे भांडण ऐकून तिनं मान वर केली.

"दादी, मोती बाजारात गेली त चंद्रा खुंट्याले राहीन काय?"

मग ती सत्यशीलाबाईंकडे वळली.

"आजी, तुमची चंद्रा दाखवा बरं मले."

सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. सुग्राबीचा हात माझ्या पाठीवर होताच.

जेबा हसू लागली. "मी इथंच चुकली. 'चंद्रा = मोती' असं लिहिलं अन् समजली का दोन म्हशी झाल्या. म्हैस एकच. नाव म्हणजे तिच्या गळ्यातला दोर. सर त्याले पॉइंटर म्हणतात. दोर दोन बांधले म्हणून म्हशी दोन होत नाहीत. कोणत्याबी दोरानं ओढा, तेच हलते. अन् एकीनं विकली, त दुसरीच्या हाती दोर राह्यते नुसता. खरंच दुसरी पाहिजे त कॉम्प्युटरले साफ सांगा लागते, नवी बनव."

"नवी म्हैस बनवते तो?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"बनवते आजी. दूध नाही देत ते."

मित्रांनो, पाच दिवस मी जिच्यावर जळत होते, ती मीच निघाले. लाज वाटली. पण राग त्याहून जास्त आला. एवढं कौतुक भिंतीपलीकडे चालायचं, आणि मला कोणी सांगितलं नाही.

"बाई, जवळ ये," सुग्राबी म्हणाली. "तिच्या तोंडावर नाव घे एकदा."

सत्यशीलाबाई बिचकत आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "चंद्रा." सुग्राबीनं खाली बादली लावली, आणि मी पान्हा सोडला. बाजाराचं नाव मग कोणी काढलं नाही.

तेव्हा मित्रांनो, ज्या जनावराचं दूध पिता, त्याला कोणत्याही नावानं हाक मारा, पण कौतुक करायचं तर भिंतीआडून करू नका. जवळ या, हात लावा. आम्ही उत्तर बादलीत देतो.