दोन रेघांची ऐट

बिरुदेवने माढ्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी धातू कोरणारं सीएनसी मिलिंग मशीन बांधलं, तेव्हा अर्धी गल्ली बघून गेली. चिंचोळी एमआयडीसीत आठ वर्षं दुसऱ्याच्या मशीनपुढे उभा राहिलेला हा फिटर. आता आपल्या मशीनपुढे उभं राहायचं, एवढीच त्याची हौस. परवा एका कारखान्याच्या इंजिनियर ऋतुजा मॅडम नमुना बघायला येणार होत्या. अॅल्युमिनियमचा तुकडा गुळगुळीत निघाला तर काम त्याचं, नाहीतर सोमवारपासून पुन्हा पहिली पाळी.

आणि तुकडा निघाला तो लाटालाटांचा.

बिरूने कटर बदलला, वेग कमी केला, कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. सांगाडा लेचापेचा असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. सांगाडा त्याने तपासला होता! वडलांचा कोकरं तोलायचा हुकाचा काटा कटरच्या मुंडीला अडकवून दहा किलोचा ताण दिला होता. मुंडी किती सरकते ते बघायला डायल लावली, तर तिची सुई जेमतेम दोन रेघा हलली. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्या दोन रेघांची ऐट तो आठवडाभर मिरवत होता.

"आबा, हुकाचा काटा घेऊन या," त्याने बापाला हाक मारली. "पुन्ना एकदा ताणून बघू."

ज्ञानबांनी जन्म मेंढरांमागे काढलेला. मशीनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण काट्यातलं सगळं कळत होतं. त्यांनी ताण दिला. डायल दोन रेघा हलली.

"बघा! दोनच की."

ज्ञानबा डायलच्या स्टँडकडे बघत राहिले. कटरची मुंडी पेलणाऱ्या आडव्या तुळईवरच तो चिकटवला होता.

"बिरू, बाजारात येडू दलाल कोकरू कसं तोलायचा, ठावं हाय का? काटा खांद्यावरच्या बांबूला अडकवायचा, आन् गुडघ्यात वाकायचा. कोकराचं पाय भुईला टेकलं की वजन हलकं. धरणाराच वाकला तर काटा खरं कसं सांगंल? तुजं हे घड्याळ तुळईवर बसलंया. तुळई वाकली की तेबी संगं वाकतं."

बिरूने कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठ वर्षं कारखान्यात स्टँड रोज हाताळला आणि आपल्याच घरी असा फसला. त्याने स्टँड उचलून खालच्या टेबलावर लावला, जिथे तुकडा बसतो तिथे. पुन्हा ताण. एकतीस रेघा.

त्याला रडूच आलं. मग त्याने तुळईचे पाय पाहिले. दोन फूट उंच, निळ्या रंगाने चकचकीत. पुढे मोठी कामं आली तर अडचण नको म्हणून उंच ठेवलेले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पाय निम्मा केला तर त्याचं वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं, हे तो आयटीआयमध्ये शिकला होता आणि विसरला होता.

"कापतो," तो म्हणाला.

"रंग जाईल की."

"जाऊ द्या, आबा."

दुसरा अख्खा दिवस कापण्यात आणि पुन्हा वेल्डिंग करण्यात गेला. संध्याकाळी ज्ञानबांनी काटा ताणला. सहा रेघा. मशीन बुटकं दिसत होतं, खुजं आणि अर्धं काळं, पण तुकडा निघाला तो आरशासारखा. ज्ञानबांनी त्यात आपल्या मिशा बघून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी ऋतुजा मॅडमनी तुकड्यावरून नख फिरवलं. "छान आहे. सांगाडा किती वाकतो?"

"दहा किलोला सहा रेघा, मॅडम."

त्यांनी भुवई उंचावली. "डायलचा स्टँड कुठे लावला होता?"

बिरू लाजून हसला. तो काही बोलायच्या आतच दारात बसलेले ज्ञानबा म्हणाले, "टेबलावर. पयल्यांदा चुकला हुता, मी सांगितलं."

मॅडम खळखळून हसल्या. "घरची मशीनं बघायला जाते तिथे मी पहिला प्रश्न हाच विचारते. चाळीस तुकडे पाठवते, बिरुदेव. आणि आबा, तपासणीला तुम्हीच उभे राहा."

"ऱ्हातो की," ज्ञानबा म्हणाले आणि हुकाचा काटा धोतराने पुसून त्यांनी मशीनशेजारच्या खिळ्याला टांगला.